नुसत्या पाण्याची चाचणी

१६ जानेवारी २०२५, गुरुवार

आज मल्हारी मामांनी विचारलं, "मॅडम, प्रसाद कवा वाटायचा?" मी म्हटलं, कॉलेजात पूजा आहे का? ते इतके हसले की हातातला फडका खाली पडला.

प्रसाद म्हणजे उत्तर. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येक मुलाला एक अनोळखी पूड मिळते. ती पाण्यात विरघळवायची, एकेक रसायन टाकून बघायचं, रंग बदलतो का, वास येतो का, तळाशी साका बसतो का, आणि त्यावरून तिच्यात कोणते दोन आयन आहेत ते ओळखायचं. एवढीच परीक्षा. आमच्या कॉलेजात ती पूड कुठली आहे हे परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलांना सांगून टाकतात. मल्हारी मामा प्रयोगशाळेचे मदतनीस, म्हणून वाटप त्यांच्याकडे.

"आन् न्हाई वाटला तर?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"न्हाई वाटला तर पोरं काय लिव्हतील, मॅडम?" त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

मला इथं लागून सहा महिने झाले, तेही तासिका तत्त्वावर, त्यामुळे जपून बोलायला हवं हे मला समजतं. पण मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. आप्पा रेल्वेत गेटमन होते. दौंडच्या पुढं, लाईनीवरच्या ज्या फाटकावर आम्ही राहायचो तिथं जवळपास शाळा नव्हती. तिसरीपर्यंत आप्पांनीच मला केबिनमध्ये शिकवलं. शिक्षा एकच असायची. न बघता उत्तर दिलं की बाहेर जाऊन बघून यायचं. लिंबाला किती फांद्या, पाण्याचं पिंप किती भरलंय, सगळं बघून यायचं. भर उन्हात मी कितीतरी वेळा गेले आहे. इथं चाळीस मुलं न बघता उत्तर लिहिणार आणि शिक्षा कुणालाच नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

विभागप्रमुख दुसऱ्या कॉलेजात परीक्षक म्हणून चालले आहेत, त्यामुळे आमच्या बारावीची अंतर्गत परीक्षक मी. गुणपत्रिकेवर माझी सही लागणार. ऐकल्यापासून नियमांचं पत्रक दोनदा वाचलं, मग वाटलं की काहीतरी सुटलं असेल, म्हणून पुन्हा वाचलं.

प्राचार्यांकडे ऊर्ध्वपातित पाणी मागायला गेले. साध्या पाण्यात क्षार असतात, चाचणी चुकते, असं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "बोअरच्या पाण्याला काय झालंय? पोरं पितात ते." मी म्हटलं, पिण्याचा प्रश्न नाही, सर. ते म्हणाले, "मग प्रश्नच नाही." आणि फोन घेतला.

सिल्व्हर नायट्रेटची तपकिरी बाटलीसुद्धा त्यांच्याच कपाटात कुलपात असते. महाग आहे, सांडेल, म्हणून. क्लोराईड ओळखायला तेच लागतं. द्रावणात दोन थेंब टाकले की दह्यासारखा पांढरा साका बसतो. वर्गात सगळ्यांना पाठ आहे, "दह्यासारखा पांढरा". बघितला कुणीच नाही.

मग मी फळ्यावरच शिकवलं. म्हटलं, ज्या पाण्यात पूड विरघळवणार, त्या नुसत्या पाण्याची चाचणी आधी करा. नुसत्या पाण्यातच साका आला तर पुडीत क्लोराईड आहे की पाण्यात, हे कळायचं कसं? आणि जे दिसलं नाही ते लिहू नका, मग कुणी काहीही सांगो.

मागच्या बाकावर हसाहशी चालली होती. एकटी स्वप्नाली लिहून घेत होती. राहू गावची मुलगी. आजोबांच्या वेळेपर्यंत त्यांच्या घरात मेंढरं होती, आता ऊस आहे, कांदा आहे. तास संपल्यावर थांबली.

"मॅडम, ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी चालंल का? आमच्या घरी कॅन हाय."

मी म्हटलं, चालेल, तेच ऊर्ध्वपातित पाणी. मला इतका आनंद झाला की केडगाव स्टेशनची जीप चुकली.

३० जानेवारी, गुरुवार

परीक्षा झाली. क्रमानं लिहिते.

चार वेगवेगळ्या पुड्या ठेवायच्या असं मी प्राचार्यांना लेखी कळवलं होतं. सकाळी टेबलावर चार बाटल्या होत्या, चार नंबर होते आणि आत सगळीकडे एकच पूड. मी विचारलं तर मल्हारी मामा म्हणाले, "सायबांनीच सांगितलं, एकच ठिवा. गोंधळ नको." उत्तरसूचीत त्या पुडीचं नाव अमोनियम क्लोराईड. प्रसाद काल संध्याकाळी जीपमध्ये वाटून झाला होता. मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते, मागे कुजबुज चालली होती, आणि मला वाटलं मुलं उजळणी करतायत!

बाहेरचे परीक्षक शिरूरहून आले, हौसराव रणदिवे सर. माणूस वयस्कर, हसतमुख. प्राचार्यांच्या खोलीत बसून पोहे खाल्ले, मग मासळी कुठं चांगली मिळते याची चौकशी केली. परीक्षा चालू असताना एकदाच आत आले. नेमके स्वप्नालीच्या टेबलापाशी थांबले.

"ही बाटली कसली?"

"बॅटरीचं पाणी हाय सर. घरून आणलंय."

"परीक्षेत बाहेरचं द्रावण?"

"द्रावण न्हाई सर, पाणीच हाय. नळाच्या पाण्यात चाचणी चुकतीय."

आजूबाजूची मुलं हसली. सरांनी बाटली उचलून घेतली, तिची उत्तरपत्रिका वाचली. तिनं लिहिलं होतं: अमोनियम सल्फेट. बाकी सगळ्यांचं क्लोराईड.

"सगळ्या वर्गाचं बरोबर आणि तुझं एकटीचं चूक. वर बाहेरून पाणी आणतेस. हा गैरप्रकार आहे, कळतं का?"

मी मध्ये पडले. म्हटलं, ऊर्ध्वपातित पाणी पुरवणं आपलं काम होतं, आपण ते केलं नाही. सर माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्हा लोकांना नियम फार पाठ असतात."

कुठल्या लोकांना? रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांना? तासिकेवरच्यांना? की माझं आडनाव त्यांनी सकाळीच विचारून घेतलं होतं, त्या लोकांना? हे तिथंच विचारायला हवं होतं.

सर मंडळाला गैरप्रकाराचा अहवाल पाठवणार म्हणतात. तो गेला तर स्वप्नालीला लेखी परीक्षेलाही बसता येणार नाही. वर्ष जाईल. घरात बारावीपर्यंत आलेली ती पहिली आहे.

बाकीच्या उत्तरपत्रिका वाचल्या. सगळ्यांनी लिहिलंय, सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर दह्यासारखा पांढरा साका आला. सिल्व्हर नायट्रेटची बाटली मीच सकाळी कपाटातून आणली, मीच संध्याकाळी परत ठेवली. चारपाच जणांनी तिला हात लावला असेल. बाकीच्यांचा साका आकाशातून पडला काय?

गुणपत्रिका पुढं आली तेव्हा मी म्हटलं, सही करणार नाही. आधी ती पूड सगळ्यांसमोर तपासा. रणदिवे सर म्हणाले, "उद्या तपासू. त्यात काय." मग प्राचार्यांना म्हणाले, "रात्री सुरमई सांगा."

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आधी जेव." आप्पा म्हणाले, "तू सोता बघितलीस का पूड?" मी म्हटलं, नाही, पण स्वप्नालीनं बघितली. "मंग तू बी न बघताच भांडतीस," म्हणाले. याचाही राग आला.

३१ जानेवारी, शुक्रवार

सकाळच्या जीपमध्ये स्वप्नाली नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, "ती चालत यायलीय, मघाशी वाटंत दिसली." पहाटेच्या थंडीत चालत येणं चांगलंच, पाठ केलेलं डोक्यात बसतं. मागे तिच्या जागेवर दप्तरं ठेवली होती. मोनिका, तिची मैत्रीण, एरवी सारखी बडबडते, आज गप्प होती. मुलं परीक्षेनंतर थकतातच.

अकरा वाजता प्रयोगशाळेत सगळे जमले. प्राचार्य, रणदिवे सर, मल्हारी मामा, दारात अर्धा वर्ग. स्वप्नाली भिंतीला टेकून उभी होती.

सरांनी कोट काढला, बाह्या वर केल्या. चमचाभर पूड परीक्षानळीत घेतली, नळाचं पाणी घातलं, हलवलं. नायट्रिक आम्लाचे थेंब. मग सिल्व्हर नायट्रेट. दोन थेंबांत नळी पांढरीफटक झाली. अगदी दह्यासारखी. दारातून "ओऽऽ" असा आवाज आला. मुलांनी पहिल्यांदाच पाहिलं असणार.

"क्लोराईड," सर म्हणाले. "झालं समाधान?"

खरं लिहायचं तर मनात आलं, पोरगी चुकली आणि मी तिच्यापायी एवढा तमाशा केला. नोकरी गेली. आप्पांना काय सांगू? मी तशीच उभी राहिले, आणि मी स्वतः फळ्यावर लिहून दिलेली गोष्ट मला आठवली नाही. मागून स्वप्नालीचा आवाज आला, हळूच.

"मॅडम, नुसतं पाणी."

मी दुसरी नळी घेतली. पूड नाही. फक्त नळाचं पाणी, तेच आम्ल, तेच दोन थेंब. नळी पांढरी झाली, तशीच्या तशी.

प्राचार्य म्हणाले, "म्हणजे?"

मी म्हटलं, "म्हणजे या पाण्यात विटेचा चुरा टाकला असता तरी क्लोराईड आलं असतं. क्लोराईड बोअरमध्ये आहे, सर." आवाज चढला होता, चढू दिला. स्वप्नालीची बाटली टेबलावर होती. तिच्यातलं पाणी नुसतं तपासलं. स्वच्छ. त्यात पूड विरघळवून तपासली. तरीही स्वच्छ, एक कण पांढरा नाही. मग त्याच द्रावणात बेरियम क्लोराईड घातलं, जाड पांढरा साका बसला, वर तीव्र आम्ल घातलं तरी विरघळेना. सल्फेट. शेवटी कॉस्टिक सोडा घालून तापवलं, अमोनियाचा वास थेट प्राचार्यांच्या नाकात गेला. त्यांनी रुमाल लावला.

अमोनियम सल्फेट. मुलगी बरोबर होती.

"पण मूळ बाटलीवर क्लोराईड लिहिलंय," प्राचार्य म्हणाले.

तेव्हा मल्हारी मामा पुढं आले. अजिबात न लाजता. "दिवाळीनंतर ती बाटली रिकामी झाल्याली. मी घरनं खताच्या गोणीतलं आणून भरलं. उसाला टाकतो ते. तसंच भरलं न्हाई सर, बघूनच भरलं. तळाशी उरल्यालं चिमूटभर चुन्यासंगं चोळलं, खत बी चुन्यासंगं चोळलं. वास योकच! मंग काय फरक राहिला?"

अर्धी चाचणी करून माणूस समाधानी! मी त्यांना म्हटलं, मामा, वास अमोनियमचा झाला, दुसऱ्या आयनचं काय? ते म्हणाले, "दुसरा बी असतोय व्हय?" प्रयोगशाळेत नोकरी करून इतकी वर्षं झाली.

रणदिवे सर स्टुलावर बसले होते. दोन्ही पांढऱ्या नळ्या हातात धरून उजेडात बघत होते. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. म्हणाले, "आमच्याकडंही बोअरचंच पाणी आहे." मला वाटलं, आता तरी लाज वाटली असेल.

मी सांगून टाकलं, सगळ्या वर्गाची परीक्षा पुन्हा घ्या. चांगल्या पाण्यात, वेगवेगळ्या पुड्या देऊन. दारातल्या मुलांनी ते ऐकलं. बरं झालं ऐकलं, त्यांनाही कळू दे.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज जे झालं त्याचा राग मी कुणावर काढू ते समजत नाही.

स्वप्नाली आजही चालत आली. तिची एक चप्पल प्रयोगशाळेच्या बाहेरून नाहीशी झाली होती, अनवाणी बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, "कुत्र्यानं नेली आसंल." कॉलेजच्या आवारात कुत्री फार झाली आहेत, प्राचार्यांना सांगायला हवं. दुपारच्या सुट्टीत डबाही तिनं एकटीनंच खाल्ला. मला बरं वाटलं. लेखी परीक्षा तोंडावर असताना गप्पांत वेळ घालवत नाही.

प्राचार्यांनी मला बोलावलं. रणदिवे सर होते. त्यांचं बोलणं आज वेगळंच, मऊ.

"मॅडम, तुमचं बरोबर आहे. मुलीचंही बरोबर आहे. गैरप्रकाराचा अहवाल मी पाठवत नाही. सगळ्यांना अठ्ठावीस देऊ, तिलाही अठ्ठावीस. तुम्ही सही करा."

मी म्हटलं, "सर, तिनं बघून लिहिलं आणि बाकीच्यांनी न बघता. दोघांना सारखेच?"

"मग काय करायचं? एकोणचाळीस पोरांना नापास करायचं?"

"पुन्हा परीक्षा घ्या."

"पुन्हा परीक्षा घ्यायची तर मंडळाला कारण लिहावं लागेल," प्राचार्य म्हणाले. "कारण लिहायचं तर सगळंच लिहावं लागेल. मुलीनं बाहेरून पाणी आणलं, हेही. मंडळ चौकशी लावेल, निकाल येईपर्यंत तिचा नंबर रोखून ठेवतील. तुम्हाला तेच पाहिजे का?"

म्हणजे मी खरं धरून बसले तर शिक्षा तिला. आणि खोट्यावर सही केली तर ती सुटणार. किती व्यवस्थित बांधलंय यांनी! या माणसांनी प्रयोगशाळेत याच्या निम्मं डोकं लावलं असतं तर ही वेळच आली नसती.

मी म्हटलं, मुलीला विचारते. ती नाही म्हणेल याची मला खात्री होती. वर्गात एकटीनं खरं लिहिणारी मुलगी ती.

बाहेर ओट्यावर बसली होती. मी सगळं समजावलं. चौकशी झाली तर मी स्वतः साक्ष देईन, दोन्ही नळ्या जपून ठेवल्या आहेत, घाबरू नकोस, असंही सांगितलं.

तिनं विचारलं, "मॅडम, परत परीक्षा झाली तर ह्यांचे मार्क जात्याल का?"

"ज्यांना येत नाही त्यांचे जातील. जायलाच पाहिजेत."

"मंग सही करा."

"स्वप्नाली! तुझं उत्तर बरोबर आहे. तुला तीसपैकी तीस पाहिजेत."

"अठ्ठावीस लय झाले की."

"मार्कांचा प्रश्न नाही, खऱ्याचा आहे!"

ती जरा वेळ मातीत अंगठा फिरवत बसली. मग म्हणाली, "खरं तर तुमी सगळ्यांसमोर दावलं ना मॅडम. पाणी पांढरं झालं, समद्यांनी बघितलं. आता सायबांना कागदावर काय बी लिव्हू द्या. तुमी कॉलेज सुटलं की दौंडला जाता. मला ह्याच जीपनं यायचंय. लग्नात, जत्रंत ह्याच पोरी भेटणार हायत."

मला इतका राग आला की उत्तर न देता आत गेले. तिचाही राग आला, हे कबूल करते. जिच्यासाठी भांडावं तिलाच त्याची पर्वा नसावी! आणि जीपचं काय मध्येच? मी खऱ्याखोट्याचं बोलतेय आणि ही जीपचं.

आत गेल्यावर एक केलं. म्हटलं, आधी अहवालाचा कागद माझ्यासमोर फाडा. रणदिवे सरांनी फाडला, चार तुकडे केले, बारीक. मग मी सही केली. चाळीस नावांखाली, एकोणचाळीस खोट्या साक्यांखाली. अक्षर नीट आलं, हेही मला आवडलं नाही.

निघताना रणदिवे सर व्हरांड्यात थांबले. म्हणाले, "परवा आमच्या कॉलेजात परीक्षा आहे. ते बॅटरीचं पाणी कुठल्याही पेट्रोल पंपावर मिळतं ना?" मी मिळतं म्हटलं. ते लोकांबद्दलचं वाक्य त्यांनी मागे घेतलेलं नाही.

प्राचार्यांनी सांगितलं, पुढच्या वर्षी प्रात्यक्षिकं तुमच्याकडे नकोत, तुम्हाला ताण होतो.

मला ताण होतो!

३ फेब्रुवारी, सोमवार

काल पूर्ण दिवस पडून होते. आप्पांना सही केल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "पोरगी बसती ना परीक्षेला?" मी म्हटलं, बसते. "मंग बास." मला वाटलं होतं ते रागावतील. माझ्या बाजूनं रागवायला घरातही कुणी नाही.

आज राग आवरून केडगावला रेल्वेतून उतरले. जीप भरलेली, मी नेहमीसारखी पुढं. राहूच्या फाट्यावर स्वप्नाली उभी होती, पायात नवीन चपला. मला वाटलं चालतच जाणार, पण ड्रायव्हरनं गाडी थांबवली आणि मागून मोनिका ओरडली,

"ए बॅटरी! चढ की, का पाणी संपलं तुझं?"

सगळी जीप खदाखदा हसली. दुसरी एक म्हणाली, "तिला खिडकीपाशी बसवा गं, चार्जिंग उतरंल!"

माझ्या अंगाची आग झाली. अख्ख्या कॉलेजात एका मुलीनं खरं काम केलं आणि तिला नाव काय पडलं तर बॅटरी! मी मागे वळून मोनिकाला चांगलंच सुनावलं. म्हटलं, लाज वाटायला हवी, जिच्या जिवावर तुम्ही सगळे अठ्ठावीस घेऊन बसलात तिची चेष्टा करता? मुली खाली बघायला लागल्या.

तेवढ्यात स्वप्नाली दोघींच्या मधल्या फटीत शिरून बसली, दप्तर मोनिकाच्या मांडीवर टाकलं आणि म्हणाली, "आसू द्या ओ मॅडम. सरक गं, शॉक बसंल." पुन्हा हसण्याचा गलका झाला, आणि सगळ्यांत मोठ्यानं तीच हसत होती. कॉलेज येईपर्यंत त्यांचं तेच चाललं होतं.

मी पुढं काचेतून बघत बसले. इतकं झाल्यावर त्या मुलीला हसायला कसं येतं, हे मला खरंच समजलेलं नाही.